डायलॉग कळत नाहीत, बेस मात्र शेजारी ऐकू जातो: चाळीस हजारात काय करायचं

तुमचा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला एका डब्यातला ५.१ सेट (पाच स्पीकर आणि एक वूफर), कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा पहिला मजला, १२ बाय १४ चा हॉल, खाली शहाबादी फरशी, सोफा मागच्या भिंतीला चिकटून, आईंना डायलॉग कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की सगळ्यांनी मिळून रिमोट शोधायचा. बजेट ४० हजार. दुकानदार म्हणतो ६०० वॅटचा साऊंडबार न्या, मेहुणे म्हणतात रिसीव्हरच घ्या, म्हणजे सुट्या स्पीकरांना चालवणारा ॲम्पचा डबा, आणि तुम्ही विचारताय की ॲटमॉस, म्हणजे छतातूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत, आत्ताच घ्यावी का.

मी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत घरगुती सिस्टीम बसवून देतो आणि दहातल्या निम्म्या लोकांची तक्रार हीच असते. म्हणून सरळ सांगतो, पहिल्या रविवारी एक रुपया खर्च करू नका. जो सेट आहे त्याच्याकडूनच काम करून घ्या, मग काय विकत घ्यायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात टीव्हीच्या सेटिंगपासून. ऑडिओ आउटपुटमध्ये जाऊन बघा, तिथं पीसीएम आहे का. असेल आणि सेट ऑप्टिकल वायरीनं जोडलेला असेल, तर पिक्चर ५.१ मध्ये असला तरी तुमच्या सेटला फक्त दोन चॅनेल मिळतायत आणि बाकीचं तो अंदाजपंचे बनवतोय. ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा, कंपनीगणिक नाव वेगळं असतं. लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला असेल तर प्रश्नच मिटला, त्या वायरीतून पाच चॅनेल कधीच येत नाहीत, ऑप्टिकलवर या. मग ओटीटी ॲपमध्ये पिक्चर सुरू केल्यावर भाषेच्या यादीत ५.१ लिहिलेला ट्रॅक निवडायचा, आणि सेट टॉप बॉक्सच्या मेनूत डॉल्बी डिजिटल चालू करायचं. अशी घरं मी लई बघितलीयत जिथं सेंटर, म्हणजे डायलॉगचा मधला स्पीकर, वर्षानुवर्षं नुसता लटकलेला असतो आणि खरा सेंटर ट्रॅक त्याला कधी मिळालेलाच नसतो.

हे झालं की सेटच्या मेनूत सेंटरची लेव्हल ३ डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) वाढवा आणि नाईट मोड किंवा डीआरसी नावाचं काही असेल तर ते चालू करा. हळू आवाज वर येतो, मोठा आवाज खाली येतो, रिमोटची पळापळ तिथंच अर्धी कमी होते. शौकीन लोक डीआरसीला नाकं मुरडतात, मुरडू देत, रात्री साडेदहाला घरातली माणसं झोपलेली असताना पिक्चर बघणाऱ्याला ते लागतंच.

आता कारण सांगतो, कारण हे डोक्यात बसलं की दुकानात तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही. शब्द कळतो तो स, श, च, त, क असल्या व्यंजनांमुळं, आणि त्यांची ताकद मुळात कमी असते, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर. वय वाढेल तसं कानाचं नेमकं वरचंच ऐकणं आधी कमी होतं. त्यात तुमची शहाबादी, उघड्या भिंती, वर स्लॅब, मग एका शब्दाचा घुमारा संपायच्या आत पुढचा शब्द येतो आणि व्यंजनं त्या घुमाऱ्याखाली गाडली जातात. अशा खोलीत आवाज वाढवला की घुमारापण तेवढाच वाढतो, म्हणून कितीही वाढवलं तरी आईंना कळत नाही ते नाहीच. दुसरं म्हणजे या डबा सेटचे सॅटेलाइट, म्हणजे छोटे स्पीकर, अडीच-तीन इंची असतात, ते १५०-२०० हर्ट्झच्या खाली जाऊच शकत नाहीत, म्हणून कंपनी त्याच्या खालचं सगळं वूफरकडं ढकलते. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे हिरो बोलतोय टीव्हीत आणि त्याचा निम्मा आवाज येतोय कोपऱ्यात शोकेसच्या मागं ठेवलेल्या वूफरमधनं. तो आवाज पोकळ लागणार नाही तर काय.

म्हणून वूफर आधी कोपऱ्यातनं काढा. जागा शोधायची जुनी युक्ती आहे, वूफर उचलून सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवायचा, बेसचं एखादं ओळखीचं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरायचं, जिथं बेस घुमत नाही आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो तिथं वूफर ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या.

सोफ्याचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. १४ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४० हर्ट्झचा बेस भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो, १२ फुटाच्या बाजूला ४७ च्या आसपास. भिंतीला टेकून बसलं की हे सगळे एकदम अंगावर येतात, बरोबर मध्यावर बसलं की पहिला गायबच होतो. सोफा मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढं आला तर सगळ्यात बरं, पण १२ बाय १४ च्या हॉलमध्ये जेवणाची पंगत पण तिथंच बसत असणार, त्यामुळं निदान दीड फूट तरी पुढं ओढा. दीड फुटाचापण फरक कळतो.

सेंटर टीव्हीखालच्या फळीवर आत ढकलून ठेवलाय असं तुमच्या फोटोत दिसतंय. सुतार टीव्ही युनिटमध्ये सेंटरसाठी छान कप्पा करून देतो आणि तोच कप्पा आवाजाची वाट लावतो. स्पीकर फळीच्या अगदी कडेला आणा, खाली पुढच्या बाजूला रबराचा एखादा तुकडा सरकवा म्हणजे तोंड वर कानाकडं होईल. शोकेसवर चढवलेले दोन्ही फ्रंट खाली कानाच्या उंचीला आणा, सोफ्यापासून बघितलं तर प्रत्येकी २५-३० अंशावर. मागचे दोन इलेक्ट्रिशियननं छताच्या कोपऱ्यात मारलेत ते तसेच राहू देत, आज त्यांच्यावर वेळ घालवायची गरज नाही.

एवढं करून आठवडाभर बघा. काही घरांत काम इथंच संपतं आणि माझा धंदा बुडतो, तो भाग वेगळा.

नाही संपलं, तर आता पैशाचं बोलू. ६०० वॅटचा आकडा पहिल्यांदा डोक्यातून काढा. गाडीच्या मीटरवर १६० लिहिलंय म्हणून गाडी १६० ने पळते होय? डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा सगळ्या चॅनेलची बेरीज असते, आणि तीसुद्धा भरपूर विकृती धरून मोजलेली. खरा हिशोब वेगळा आहे. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी समजा ८६ डीबी, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६. तुम्ही ३ मीटरवर बसता, तिथं साधारण ७७. म्हणजे रोजचं टीव्ही बघणं एका वॅटच्या आतबाहेरच चालतं. १० वॅटला ८७, १०० वॅटला ९७. वॅट डबल केले की फक्त ३ डीबी वाढतात, म्हणून ५० चा ॲम्प आणि १०० चा ॲम्प यातला फरक तुमच्या हॉलमध्ये जवळपास शून्य, तेवढे वॅट लागतच नाहीत, पण ८४ चा स्पीकर आणि ८८ चा स्पीकर यातला फरक कळतो, कारण तेवढ्याच वॅटला तो ४ डीबी जास्त वाजतो. आपल्याकडं गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी ऐकून कान तयार झालेत, छाती हलली म्हणजे सिस्टीम भारी, हे घरात चालत नाही.

साऊंडबारला मी सरसकट नावं ठेवत नाही. भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावायचा नसेल, बायकोला वायर दिसायला नको असेल तर साऊंडबारच घ्यावा, आणि घेतलाच तर ज्यात सेंटर चॅनेल वेगळा आहे आणि वूफर वेगळा येतो तोच. पण तुमचं घर स्वतःचं आहे, वायरी आधीच गेलेल्या आहेत, आणि साऊंडबारमध्ये पुढं काही वाढवता येत नाही, पाच वर्षांनी बोर्ड गेला की अख्खा बार भंगारात. रिसीव्हर आणि सुटे स्पीकर घेतले की रिसीव्हर बदलला तरी स्पीकर राहतात. चांगला स्पीकर वीस वर्षंसुद्धा टिकतो, फक्त ज्याच्या हलणाऱ्या पडद्याची कड फोमची आहे तो आपल्या पावसाळी हवेत लवकर कुजतो, रबराची कड बघून घ्या. म्हणून तुमच्या बाबतीत मी मेहुण्यांच्या बाजूनं आहे, पण नवा रिसीव्हर नको. नव्यात गेलात तर ४० हजारातले बरेचसे त्यातच संपतील आणि स्पीकर तेच अडीच इंची राहतील, म्हणजे घरात ऐकायला फरक काहीच नाही.

जुना घ्या, १२ ते १५ हजारांच्या आत, माझ्या अंदाजानं मिळून जाईल. दसरा-दिवाळीच्या आसपास लोक घरातलं बदलतात तेव्हा जास्त मिळतात, पुण्या-मुंबईकडून मागवायचा झाला तर मात्र स्वतः जाऊन ऐकल्याशिवाय पैसे टाकू नका. बघायला जाताना एक छोटा स्पीकर आणि वायर बरोबर न्या, पाचही चॅनेलला एकेक करून लावून टेस्ट टोन ऐका. चालू करताना रिलेचा टक असा आवाज यायला पाहिजे. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आहे का, अर्धा तास चालवल्यावर प्रोटेक्शनमध्ये जातोय, म्हणजे स्वतःहून बंद पडतोय का, वरून हात लावला तर गरम किती, हे बघायचं. कॅलिब्रेशनचा, म्हणजे खोलीप्रमाणं आवाज आपोआप जुळवायचा, माइक आहे का ते विचारा, बहुतेक लोकांनी तो हरवलेला असतो आणि त्यावर हजारभर कमी करून घेता येतात, पण मग तो त्याच मॉडेलचा वेगळा शोधावा लागतो हे लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट, जी विकणाऱ्यालापण बऱ्याचदा सुचत नाही. जुन्या रिसीव्हरमध्ये बऱ्याचदा आधी जातो तो एचडीएमआय बोर्ड. तो गेलेला रिसीव्हर पाण्याच्या भावात मिळतो आणि तुम्हाला त्याची गरजच नाही, कारण सगळी साधनं टीव्हीला जोडायची आणि टीव्हीतून एक ऑप्टिकल वायर रिसीव्हरला. डॉल्बी डिजिटल ५.१ आरामात येतं. तोटा एवढाच की काही टीव्ही बाहेरच्या एचडीएमआयवरून आलेलं ५.१ पुढं सोडत नाहीत, काही डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा फॉरमॅट) सोडत नाहीत, आणि ब्ल्यू-रेचं ट्रू एचडी ऑप्टिकलमध्ये मावत नाही. तुम्ही ओटीटी आणि सेट टॉप बॉक्सच बघता, तुम्हाला शेवटच्या दोन गोष्टी अडणार नाहीत, फक्त सेट टॉप बॉक्सचं ५.१ तुमचा टीव्ही पुढं सोडतोय का ते आधी बघा. सौदा व्हायच्या आधी फक्त खात्री करा की ऑप्टिकलवरनं आवाज येतो आणि स्क्रीनशिवाय पुढच्या डिस्प्लेवरनं मेनू चालतो.

उरलेल्यातले १५ ते १८ हजार पुढच्या तीन स्पीकरवर. डावा, उजवा आणि सेंटर एकाच कंपनीचे, एकाच सिरीजचे, नाहीतर आवाज डावीकडून उजवीकडं जाताना मध्येच गळा बदलल्यासारखा वाटतो. पाच इंचाचा वूफर असलेला बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचा छोटा स्पीकर, पुरे, जमिनीवर उभ्या टॉवरच्या नादाला लागू नका, या बजेटमधला टॉवर म्हणजे उंच रिकामा डबा. घरात तुम्ही दोघंच मध्ये बसून बघत असता तर मी सेंटरपण घेऊ नका म्हटलं असतं, दोन चांगल्या फ्रंटमधनंच आवाज मधोमध येतो. पण सहाजण सोफाभर पसरून बसणार आणि आई खिडकीकडच्या कडेला, म्हणून सेंटर पाहिजेच. तुमचे जुने सॅटेलाइट मागं सराऊंड म्हणून चालतील, फक्त मागं लिहिलेले ओम वाचा, हा आकडा जितका कमी तितका ॲम्पवर भार जास्त. डबा सेटचे स्पीकर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओमचे असतात आणि साधा रिसीव्हर ६ ओमच्या खाली कुरकुरतो. ३-४ ओमचे असतील तर या वर्षी मागचे लावूच नका, ३.१ मध्ये पिक्चर बघितलेला कुणी मेलेला नाही.

जुना वूफर फेकू नका. तो बहुधा पॅसिव्ह असतो, म्हणजे त्याच्यात ॲम्प नसतो, आणि रिसीव्हरच्या सबवूफर पिनेतून नुसता सिग्नल येतो, म्हणून सरळ जोडला तर गप्प बसेल. तसा असेल तर त्याला टीपीए ३११६ चिपचा छोटा मोनो ॲम्प बोर्ड लावायचा आणि जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर. रिसीव्हरच वरचं कापून देतो, म्हणून वेगळा फिल्टर लागत नाही. रेडिओ-टीव्ही रिपेअर करणारा कुणीही तासाभरात डब्यात बसवून देईल, खर्च दीड-दोन हजार. छाती हलवणार नाही, पण वर्षभर काम चालेल, तोपर्यंत पैसे साठवून खरा ॲक्टिव्ह सबवूफर घ्या, १० इंची. रिसीव्हरमध्ये तिन्ही स्पीकर स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज वूफरकडं जातो तो आकडा, ८० हर्ट्झला ठेवा, पाच इंचाला जड जात असेल तर १००. तेवढ्यानंच हिरोचा आवाज परत त्याच्या तोंडातनं यायला लागतो.

वायर दुकानातली स्पीकर वायर म्हणून मिळते ती चकाचक, पण आत बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन दीड स्क्वेअर एमएमची टू कोअर तांब्याची फ्लेक्सिबल मागा. ८ मीटर अंतर धरलं तर जाऊन-येऊन १६ मीटरला जेमतेम ०.२ ओम जातात, ते पुष्कळ झालं. सेटबरोबर आलेल्या केसासारख्या वायरीत एक ओमच्या आसपास जात असेल. यापेक्षा महाग वायरीवर एक पैसा घालवू नका, कोण काय म्हणेल ते म्हणू दे.

स्टँड विकतचे महाग पडतात. आपण कोल्हापुरात राहतो की राव, उद्यमनगरात जावा, चौकोनी पाइप, खाली जाड प्लेट, वर छोटी प्लेट, उंची तुमच्या सोफ्यावर बसून कान किती उंच येतो ते मोजून सांगा, वेल्डिंग करून देतात. पाइपमध्ये कोरडी वाळू भरा, नाहीतर पाइप स्वतःच वाजतो.

आणि माझ्या मते तुमच्या ४० हजारातले सगळ्यात वसूल पैसे कुठले असतील तर खोलीवरचे, तीन-चार हजार. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, पहिला परावर्तित आवाज तिथूनच येतो. खिडक्यांना इचलकरंजीच्या बाजारातलं जाड कापड घेऊन चुण्या घालून, रुंदीच्या दुप्पट पडदे शिवा. सोफ्यामागच्या भिंतीवर घोंगडं टांगा, खरं लोकरीचं, धनगरी. भिंतीपासून दोन-तीन इंच पुढं लाकडी पट्टीवर टांगलं तर अजून चांगलं काम करतं, कारण भिंतीला चिकटलेलं कापड फक्त वरचाच आवाज खातं. रॉकवूलचं ५० मिलिमीटरचं पॅनेल त्याहून सरस, पण पॅकिंग नीट नसेल तर त्याचे तंतू अंगाला खाजतात. अंड्याचे ट्रे आणि ॲमेझॉनवरचा टोकदार काळा फोम, दोन्ही नको. बेस यातल्या कशानंच कमी होत नाही, बेसचं उत्तर जागाच.

सगळं जोडल्यावर घूंऽऽ असा आवाज आला तर घाबरू नका. टीव्ही आणि रिसीव्हरमध्ये ऑप्टिकलशिवाय दुसरी वायर असेल तर केबलची किंवा डिशची वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा, आवाज थांबला तर दोष तिच्या अर्थिंगचा आहे, तिथं आयसोलेटर लागेल. प्लगची मोठी पिन कापून हमिंग घालवायचा उपाय सांगणारे भेटतील, तो कधी करायचा नाही, जिवाशी खेळ आहे. रिसीव्हर बंद कपाटात घालू नका, वर निदान चार-पाच इंच हवा पाहिजे. पुराचा विषय मंगळवार पेठेत पहिल्या मजल्यावर तुम्हाला नाही, पण नागाळा पार्क किंवा शाहूपुरीतल्या सखल भागात तळमजल्यावर कुणी हे वाचून करत असेल तर २०१९ आणि २०२१ आठवा आणि वूफर, स्पाइक बस्टर पटकन उचलता येतील असे ठेवा.

ॲटमॉसचं उत्तर नाही, आत्ता नाही. छतातून आवाज यायला रिसीव्हर निदान ७ चॅनेलचा लागतो, वर दोन-चार स्पीकर लागतात, म्हणजे तेच ४० हजार आणखी पातळ पसरणार. वर फेकून छतावरनं परत आणणारे स्पीकर सपाट स्लॅबखाली बरे चालतात, पण आधी डायलॉग स्वच्छ होऊ दे, दोन वर्षांनी बघू.

टीव्हीखालच्या फळीची आतली उंची किती इंच आहे आणि जुन्या स्पीकरच्या मागं किती ओम लिहिलेत, एवढं मोजून कळवा. सेंटर कुठल्या मापाचा बसेल आणि मागचे ठेवायचे की काढायचे, ते त्यावरच ठरेल.